खंजिरीपासून ओवीपर्यंत

‘ग्रामगीते’त ४१ अध्याय आहेत आणि ४,६७५ ओव्या. हा ग्रंथ १९५५ साली लोकांसमोर आला तेव्हा तो लिहिणारे गृहस्थ ४६ वर्षांचे होते आणि त्यांची शाळा तिसरीतच सुटलेली होती. भक्तांना याचे कोडे पडत नाही. त्यांच्या मते हा साक्षात्कार. समीक्षकांनाही पडत नाही. त्यांच्या मते हे साहित्यच नव्हे, हे प्रबोधन. दोन्ही उत्तरांची सोय एकच आहे. तिसरी आणि ४,६७५ यांच्यामध्ये जी तीस-पस्तीस वर्षे गेली, त्यांच्याकडे पाहावे लागत नाही.

मला त्या वर्षांमध्येच रस आहे. लिहिणाऱ्या माणसांना दोन प्रश्न आयुष्यभर पुरतात. लिहिणे सुधारायचे कसे, आणि कोणी विचारत नसताना, किंवा फार लोक विचारत असताना, ते चालू कसे ठेवायचे? याची उत्तरे आपण बहुधा परदेशी पुस्तकांत शोधतो. स्वतःची खोली असावी, सकाळची वेळ ठरलेली असावी, रोज इतके शब्द व्हावेत वगैरे. सल्ले चांगले आहेत. पण ज्यांच्याजवळ खोली नव्हती, ज्यांची सकाळ रोज निराळ्या गावात उजाडत होती, अशा एका लेखकाचा कच्चा हिशेब आपल्याच भागात पडून आहे. तो मांडायचा तर चिमूरला यावे लागते.

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली इथे झाला. घर गरीब, नाव माणिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात हा मुलगा वाढला आणि ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच त्याला दिले, असे चरित्रे सांगतात. पुढे भजनांच्या शेवटी ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा आली. नाममुद्रेकडे आपण परंपरेचा शिरस्ता म्हणून पाहतो; नामदेवांपासून सगळ्यांनी शेवटच्या चरणात आपले नाव गुंफलेच आहे. पण लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही फार कडक शिस्त आहे. रचना कितीही लांबली तरी शेवटी तुम्हाला स्वतःच्या नावानिशी उभे राहून एक वाक्य बोलायचे असते, आणि ते वाक्य आधीच्या कडव्यांपेक्षा ढिले पडले तर गाणाऱ्या मंडळींच्या लगेच लक्षात येते. सुमारे तीन हजार भजने त्यांच्या नावावर सांगितली जातात. म्हणजे तितक्या वेळा शेवट करण्याचा सराव. शेवट जमत नाही म्हणून अर्धवट पडलेल्या कथांचे गठ्ठे ज्यांच्या घरी आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको.

किशोरवयातच ते घर सोडून रानात गेले. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा ही नावे त्यांच्या चरित्रात पुन्हापुन्हा येतात. गोंदोड्याची गुहा चिमूर तालुक्यात आहे. आज हा मुलूख बाहेरच्यांना ताडोब्याच्या वाघांमुळे ठाऊक आहे. तेव्हा तो चांदा जिल्ह्याचा आडवळणाचा कोपरा होता. उत्तर-पूर्वेला धानाची झाडीपट्टी, पश्चिमेला कापसा-ज्वारीची काळी जमीन, मध्ये सागवान आणि बांबू. गोंदोडा आता ‘तपोभूमी’ म्हणून ओळखली जाते आणि तिथे दरवर्षी भाविक जमतात.

एकांताबद्दल लेखकांच्या मनात एक हळवी जागा असते. रानात बसले की शब्द सुचतात, असे आपल्याला वाटते. सुचत असतील. १९२५ च्या सुमारास, म्हणजे सोळाव्या वर्षी, ‘आनंदामृत’ हे त्यांचे पहिले पुस्तक सिद्ध झाले, त्यात या एकांताचा वाटा असणारच. पण रानाने त्यांना अनुभव दिला, लिहिणे शिकवले ते गावाने, असे मला वाटते. ते रानातून उतरत, गावात येत, खंजिरी हातात घेत आणि गात. गाण्यासमोर बसलेली माणसे दिवसभर निंदण-कापणी करून आलेली असत. त्यांच्यापुढे धूसर ओळ टिकत नाही.

खंजिरी हे वाद्यही इथे लक्षात घेण्यासारखे आहे. लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, कडेला झांजा. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाजवायची. तिला ना साथीदार लागतो ना बैठक. चालता-चालता, उभ्याने, नाचतही ती वाजवता येते. पेटी-तबल्याच्या भजनात गवई आलाप घेऊन वेळ काढू शकतो, खंजिरीत तशी सोय नाही. ठेका सतत पुढे ढकलत असतो आणि त्या ठेक्यावर पुढचा शब्द वेळेत यावाच लागतो. ध्रुपद मागच्यांनी उचलायचे, त्यामुळे ते एकदा ऐकून पाठ व्हायला हवे. जोडाक्षरांची गर्दी झाली की जीभ अडखळते, रूपक दोनदा वळले की मागचा कोरस थांबतो. संपादकाचे पत्र यायला दोन महिने लागतात. हा निकाल दोन मात्रांत लागतो.

याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला एक अमेरिकन अभ्यासक असल्याच गोष्टीचा शोध घेत होता. मिल्मन पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात फिरून तिथल्या लोकगायकांची वीरकाव्ये ध्वनिमुद्रित करत होता. त्यातला अव्दो मेजेदोविच हा निरक्षर, व्यवसायाने खाटीक. १९३५ मध्ये त्याने पॅरीला बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य सांगितले. पॅरी त्याच वर्षी वारला. त्याचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड याने या सामग्रीवरचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध केला. त्यातले एक निरीक्षण असे, की हे गायक पाठ केलेले म्हणत नसतात. ठरलेल्या शब्दबंधांच्या, प्रसंगांच्या साठ्यातून ते गाता-गाता रचत असतात, आणि समोरची मंडळी किती वेळ बसणार यावर काव्याची लांबी ठरते. आपल्याकडच्या कीर्तन-भजनाच्या वाटेने गेलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. मात्र ‘पुनरुक्ती हा दोष’ हे छापील साहित्यशास्त्रातले सूत्र तुकडोजींच्या भजनांना लावताना ते आठवावे. तिथे पुनरुक्ती हे सुताराचे मापपट्टीसारखे हत्यार आहे.

समकालीनांमध्ये गाडगेबाबांचे उदाहरण शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. बाबा लिहीत नसत. त्यांचे कीर्तन प्रश्नांवर चाले: प्रश्न टाकायचा, थांबायचे, लोकांकडून उत्तर वदवून घ्यायचे आणि त्याच उत्तरात त्यांना पकडायचे. तुकडोजी प्रश्न टाकत, पण पदात बांधून. गाडगेबाबांची वाणी ऐकणाऱ्यांच्या टिपणांतून, आठवणींतून उरली; तुकडोजींची रचना त्यांच्या हयातीतच भजनावल्यांमधून छापली जाऊ लागली. एक माणूस बोलण्याच्या काठावर थांबला, दुसरा तिथून लिहिण्याकडे गेला. कोण मोठे हा प्रश्न नाही. पण लेखनाचा इतिहास पाहणाऱ्याला दुसऱ्याच्या मागे जावे लागते.

भाषेचा मुद्दा राहिला. ते मराठीत लिहीत आणि हिंदीतही. ‘लहर की बरखा’सारखी त्यांची हिंदी पुस्तके आहेत. नागपूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, आणि प्रांत दुभाषी. चांदा जिल्ह्यात तर मराठीच्या जोडीला गोंडी आणि दक्षिणेकडे तेलुगू. त्यांची हिंदी ही बाजाराची, रेल्वे फलाटाची, नागपुरी वळणाची हिंदी आहे आणि शुद्धतेचे भान असलेल्यांना ती खटकते. मला उलट ती मोकळी वाटते. दुसऱ्या भाषेत लिहिणारा माणूस शब्द कमी असल्यामुळे शोभेच्या नादी लागत नाही. त्यांच्या मराठीतला सरळपणा तिकडून आला असावा, असा माझा तर्क आहे.

१९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले (गावाचे नाव तेव्हा शेगाव होते) आणि ते तिथे महिनाभर राहिले. आता हजारो माणसे भजनाला जमत होती. लेखकाच्या आयुष्यात हा टप्पा सगळ्यांत घातक. उपेक्षेत माणूस लिहिणे सोडतो हे खरे, पण कौतुकात तो तेच ते लिहीत राहतो आणि त्याला ते कळतही नाही. तुकडोजींच्या बाबतीत हा धोका टळला. पण ज्या घटनेने तो टळला ती कोणाच्याही वाट्याला येऊ नये अशी होती.

१९४२ पर्यंत चिमूर, आष्टी या पट्ट्यात त्यांच्या आरती मंडळांचे जाळे पसरले होते. भजनांचा सूर बदलला होता. झाडे, दगड, भक्तगण हेच उद्याचे सैन्य आणि शस्त्रे होतील, अशा आशयाचे त्यांचे एक हिंदी पद गावोगाव म्हटले जात होते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूर तेव्हा वरोरा तहसिलीतले गाव. प्रभातफेरी निघाली, पोलिसांशी गाठ पडली, गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. मग जमाव खवळला. दिवस मावळण्याआधी उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई अशी चार माणसे मारली गेली. त्याच दिवशी आष्टीलाही पोलीस ठाण्यावर असेच घडले. दोन-तीन दिवसांत लष्कर चिमुरात शिरले. पुरुषांना धरून नेले आणि मागे राहिलेल्या घरांत शिरून बायकांवर अत्याचार केले.

महाराजांना ऑगस्टअखेर अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ते डिसेंबरपर्यंत होते.

चिमुरात काय झाले ते छापायला बंदी होती. सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी दिल्लीला बापूजी अणे यांच्या दारी गेले. अणे वणीचे, म्हणजे याच पंचक्रोशीतले, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. अत्याचारांची चौकशी करा, एवढीच मागणी होती. ती मान्य झाली नाही. भन्साळींनी उपोषण मांडले आणि पायी चिमूरकडे निघाले. पोलीस त्यांना परत आणून सोडत, ते पुन्हा निघत. उपोषण ६३ दिवस चालले, १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. या उपोषणाची बातमीही दाबली गेली, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी निषेध म्हणून ६ जानेवारीला एक दिवस अंक काढला नाही. भारतीय पत्रकारितेच्या इतिहासात चिमूरचे नाव एका न छापलेल्या अंकामुळे नोंदले गेले आहे. फाशीच्या शिक्षा झालेल्यांसाठी अनसूयाबाई काळे यांनी रान उठवले; त्या शिक्षा १९४५ च्या ऑगस्टमध्ये जन्मठेपेत बदलल्या.

इथे लिहिणाऱ्यापुढचा प्रश्न उघडा पडतो. आपण रचलेले पद लोकांच्या ओठांवर आहे. लोक उठतात. मुलगा मरतो, अधिकारी मरतात, मग सैन्य येऊन गावातल्या बायाबापड्यांची किंमत मोजते. पदाने हे घडवले असे कोणी म्हणू नये. १९४२ चा उठाव देशभर होता आणि चिमूर त्याचा एक भाग. पण आपल्या शब्दांमागे एवढे वजन आहे हे कळल्यावर कवी पुढे काय लिहितो? अनेकांचे लिहिणे अशा ठिकाणी थांबते. काहींचे आणखी तिखट होते, कारण टाळ्यांची सवय लागलेली असते.

तुकडोजींनी काय केले ते त्यांच्या पुढच्या बारा-तेरा वर्षांच्या कामातून दिसते. ते गात राहिले. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा बांधल्या, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजवली, ‘श्रीगुरुदेव’ मासिक चालवले, सुदामदादा सावरकरांसारखे लिहिते सहकारी भोवती जमवले. आणि रचनेचा रोख हळूहळू सरकत गेला. उठा, सज्ज व्हा, असे सांगणारे पद एका रात्रीत काम करते. आता त्यांना जे सांगायचे होते ते एका रात्रीत सांगता येण्याजोगे नव्हते. गटार कुठून काढायचे, मेलेल्या माणसाच्या तेराव्याला किती खर्च करायचा, मुलीला शाळेत का पाठवायचे, पुढारी ओळखायचा कसा? यांना खंजिरीचा ठेका पुरत नाही. बसून वाचायचा, रोज थोडा-थोडा पुढे सरकणारा आकृतिबंध हवा. तो मराठीत सातशे वर्षांपासून तयार होता.

ग्रंथी ओवीचे चार चरण. पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ही रचना सोपी दिसते म्हणून फसवी आहे. तीन यमके जुळवताना अर्थ हातातून निसटतो, आणि चौथा चरण भरीचा झाला तर ओवी लंगडते. पोथी वाचणाऱ्यांना मात्र ती ओळखीची असते. ‘ज्ञानेश्वरी’, ‘हरिविजय’, ‘शिवलीलामृत’ ऐकत वाढलेल्या माणसाला ओवी सुरू झाली की हात जोडून बसायचे, हे शिकवावे लागत नाही. तुकडोजींनी हे जोडलेले हात घेतले आणि त्यांच्यासमोर ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती असे अध्याय ठेवले. मांडणीही बघा: पाच-पाच अध्यायांची आठ पंचके आणि शेवटी ग्रंथमहिमा. पहिल्या पंचकात देव, धर्म, आश्रम, वर्ण हे जुने विषय घेऊन जुळवाजुळव. श्रोता स्थिरावला की मग गाव. पुढे ‘प्रारब्धवाद’ आणि ‘प्रयत्नप्रभाव’ हे अध्याय एकापाठोपाठ येतात आणि नशिबावर हवाला ठेवणाऱ्याची गाठ पडते. ‘भजनप्रभाव’ हाही एक अध्याय आहे. आयुष्यभर भजन केलेल्या माणसाने भजनाकडेच परत वळून ते कशासाठी, असे विचारलेले आहे. ग्रंथ अर्पण केला आहे तो ग्रामनाथाला, कोणा आश्रयदात्याला नव्हे.

काव्य म्हणून ‘ग्रामगीता’ सर्वत्र सारखी नाही. सलग वाचताना पाने सपाट जातात, उपदेश एकाच बाजूने वाजत राहतो, काही यमके ओढून आणलेली आहेत. त्यांच्या चांगल्या भजनांमधली चमक इथे विरळ आहे. विद्यापीठीय समीक्षेने ती बाजूला ठेवली त्यामागे नुसता तुच्छतावाद नव्हता. तरीही मला वाटते की ही सपाटी निम्मीशी तरी जाणून पत्करलेली आहे. ज्याच्या शब्दावर माणसे पेटतात हे ज्याने पाहिले, त्याने न पेटवणारी भाषा शोधायला घेतली. चमकदार ओळ सोडून देणे हे लेखकाला ओळ सुचण्यापेक्षा जड जाते. हे कौशल्य कुठल्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत, आणि शिकवले तरी तिशीच्या आत कोणाला पटणार नाही.

चिमूरच्या परिसरात लिहिण्याची आणखी एक शाळा आहे, तिचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे कंपन्यांचे ठाणे. शंकरपट किंवा मंडईच्या निमित्ताने गावात नाटक लागते, रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते, आणि दंडार, खडीगंमत पाहत वाढलेला प्रेक्षक तिकीट काढून, कांबळे पांघरून बसतो. इथल्या नाटककाराला पहाटेच्या थंडीत उठून न जाणारा प्रवेश लिहावा लागतो. त्याची समीक्षा वर्तमानपत्रात येत नाही. पुढच्या हंगामाला ‘तारीख’ मिळते किंवा मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या नाट्यवर्तुळाला हे सगळे उशिरा आणि कौतुकाचा प्रकार म्हणून कळले. पण सातत्य कशावर टिकते हे पाहायचे असेल तर पुरस्कारांच्या यादीपेक्षा या तारखांची वही उपयोगी पडेल. तुकडोजी या रंगभूमीचे नव्हेत. तरी दोघांच्या मुळाशी एकच भूमी आहे: समोर बसलेली, दमलेली, उठून जायला मोकळी असलेली माणसे.

‘ग्रामगीता’ आली त्याच वर्षी, १९५५ मध्ये, ते जपानला धर्मपरिषदेसाठी गेले आणि तिथेही खंजिरी वाजवली. डॉ. राजेंद्र प्रसादांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटले, ती उपाधी नावाला कायमची चिकटली. पुढे २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. चिमूरची महाविद्यालये आता त्या विद्यापीठात नाहीत. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले, तिकडे गेली.

शेवटच्या काळात त्यांना कर्करोगाने गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला ते गेले. यावली ते मोझरी हे अंतर फार नाही, एका जिल्ह्यातलेच. मधला सगळा रस्ता मात्र चिमूर, रायपूर, पंढरपूर, जपान असा फिरून गेलेला. पंढरपूरचे नाव इथे मुद्दाम घेतले. ‘ग्रामगीते’च्या पहिल्या अध्यायात त्यांनी ग्रंथ सुचल्याची जागा सांगितली आहे: चंद्रभागेचा काठ. गोंदोड्याची गुहा नव्हे. जिथे दरवर्षी लाखो पायांनी वाळू तुडवली जाते, अशी जागा.

चिमूर तालुक्यातल्या गावांत दिवेलागणीला अजून सामुदायिक प्रार्थना होते. तिच्यानंतर कधी ‘ग्रामगीते’तला अध्याय निघतो. वाचणारा म्हातारा असेल तर चष्मा पुसतो, शाळकरी असेल तर जोडाक्षरावर अडतो. अडला की मागून कोणीतरी पुढचा चरण सांगते, पुस्तक न पाहता, आणि वाचन पुढे जाते.